परिशिष्ट तीन कुठंय?

मला करार शेवटून वाचायची खोड आहे. पहिल्या पानावर सगळे गोड बोलतात. कंपनीला आनंद होत असतो, कर्मचाऱ्याला आनंद होत असतो, दोघं एकमेकांना शुभेच्छा देतात. खरी मेख असते दहाव्या-अकराव्या पानावर, जिथं पोचेपर्यंत वाचणाऱ्याचा दम संपलेला असतो. मावशी म्हणते, ही खोड नाही, रोग आहे. म्हणू दे. तिनंच लावलाय.

मावशी पस्तीस वर्षं धंद्याच्या कायद्यातली वकील होती. भागीदाऱ्या, कंपन्या, करार. मी तिच्या हाताखाली शिकले आणि मग नोकरीच्या भांडणांकडे वळले, म्हणजे तिनं ज्यांच्यासाठी करार लिहिले त्यांच्याच विरुद्ध बाजूला जाऊन बसले. घरात यावरून बरीच चेष्टा झाली. मावशी मात्र म्हणाली, “जा, पण मसुदा नीट वाचत जा. तुझा रागच आधी वाचायला बसतो.”

तर सोमवारी सकाळी माझ्या खोलीत रंगवाली आली. माझी खोली म्हणजे तिसरा मजला, दोन टेबलं, एक कपाट, त्याचा खालचा खण कायमचा अडकलेला, आणि खाली झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे जमीन दिवसभर थोडी गरम. ती बसायच्या आधी भिंतीकडे बघून म्हणाली, “हा रंग दोन वेगवेगळ्या डब्यांतला आहे. खिडकीपाशी वेगळ्या दिवशी लागलाय.” बारा वर्षं मी त्या भिंतीकडे बघतेय. मला एकच रंग दिसायचा. ती बोलल्यापासून दोनच दिसतात.

ती एका रंगांच्या कारखान्यात नऊ वर्षं रंग जुळवायची. कुणी गाडीचा ठोकर बसलेला पत्रा आणून ठेवला, की तंतोतंत तोच रंग करून द्यायचा. त्याला यंत्र असतं, पण यंत्राचा रंग उन्हात नेल्यावर खोटा पडला की हिला बोलवायचे. आता दुसऱ्या कारखान्यानं तिला रंगशाळेची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं. आणि जुन्या कारखान्यानं कोर्टात अर्ज टाकला होता, की करारातल्या चौदाव्या कलमानं या बाईंना दोन वर्षं रंगाचं काम करता येत नाही, त्यांना तिथं जाण्यापासून थांबवा. सुनावणी शुक्रवारी.

“नवे लोक थांबतील?” मी विचारलं.

“सोमवारपर्यंत. मग दुसरं माणूस घेणार. तसं स्पष्ट सांगितलंय. मॅडम, मला दुसरं काही येत नाही हो. दोन वर्षं डोळे बसून राहिले तर जातात. हाताचं काम विसरत नाही म्हणतात, डोळ्यांचं विसरतं.”

मी करार घेतला आणि अर्थातच शेवटून सुरू केला. चौदावं कलम असं होतं: ‘नोकरी सोडल्यापासून दोन वर्षे कर्मचारी, परिशिष्ट तीनमध्ये त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली कामे, अन्य कोणत्याही ठिकाणी करणार नाही.’

मी पानं उलटली. परिशिष्ट एक, रजा. परिशिष्ट दोन, कारखान्यातली सुरक्षा. मग मागचं पान आणि संपलं.

“परिशिष्ट तीन कुठंय?”

“ते काय असतं?”

“तुम्ही कधी हातानं काही लिहून दिलं होतं? मी अमुक काम दुसरीकडं करणार नाही, असं?”

“छे. नुसत्या सह्या केल्या. भराभर.”

मला इतका आनंद झाला, की मी तिला खालून चहा मागवला आणि स्वतःलाही मागवला. यादीच नाही, तर बंदी कशावर? मी तिला सांगितलं, निर्धास्त घरी जा. वकिलानं पक्षकाराला निर्धास्त हा शब्द कधी सांगू नये, हे मला सोळा वर्षांत कळायला हवं होतं.

मंगळवारी कंपनीची कागदपत्रं आली आणि त्यात परिशिष्ट तीन होतं. टाइप केलेलं एक पान, त्यावर सहा कामं. सहावं होतं ‘रंगाशी संबंधित अन्य कोणतेही काम’. खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख आणि रंगवालीची सही.

मी तिला बोलावून घेतलं. तिनं ते पान खिडकीपाशी नेलं, तिरकं धरलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“सही माझीच आहे.”

“अहो, मग सोमवारी नाही म्हणालात ते?”

“हे पान मी बघितलेलं नाही. पण सही माझी आहे.” ती खाली बसली. “आमच्याकडे पहिल्या दिवशी चार कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवतात. माणूस अचानक आजारी पडलं, तर रजेचा अर्ज ऑफिसच टाइप करतं. सगळेच देतात. सोय म्हणून.”

“सोय!” मी ओरडलेच. “कोऱ्या कागदावर? चार?”

“आम्ही कामगार माणसं, मॅडम. पहिल्या दिवशी कोण नाही म्हणतं?”

मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. मी आवाज खाली आणला. “नऊ वर्षांत किती वेळा आजारी पडलात?”

तिनं बोटं मोजली. “तीनदा.”

आम्ही दोघी त्या पानाकडे बघत बसलो. चौथा कागद कुठं गेला ते आम्हाला कळलं होतं, पण ते कळणं म्हणजे पुरावा नव्हे. बाकीच्या कामगारांना विचारून बघते, असं रंगवाली म्हणाली. संध्याकाळी फोन आला, की कुणी बोलायला तयार नाही, त्यांच्या कोऱ्या सह्या अजून ऑफिसच्या कपाटात आहेत.

कंपनीची वकील होती टाचणी. हे तिचं कॉलेजातलं नाव, आणि ते तिला इतकं शोभतं, की न्यायाधीशही खासगीत तेच म्हणतात असा माझा संशय आहे. आम्ही कोर्टात एकमेकींचे केस उपटतो आणि दुपारी एका टेबलावर डबा खातो. बुधवारीही खात होतो.

“ते पान खरं आहे?” मी विचारलं.

“मला कंपनीनं दिलं. तारीख आहे, सही आहे. तुझ्याकडे काय आहे?”

“करारात लिहिलंय, स्वतःच्या अक्षरात. हे टाइप केलेलं आहे.”

“अगं बाई!” टाचणी हसली. “ते तर प्रत्येक करारात असतं. माझ्याच तीन पक्षकारांकडे आहे. आजवर कुणी कुणाकडून हातानं लिहून घेतलंय? मेलेली अट आहे ती. नमुन्यातून नमुना, त्यातून पुन्हा नमुना, अशी आलेली. शुक्रवारी मी हेच म्हणणार. जी अट कुणीच कधी पाळली नाही, तिच्यावर बसून तू माझं पान उडवणार?”

चमचा तोंडात तसाच ठेवून मी विचार करत बसले. टाचणीचं बरोबर होतं, पण माझ्या डोक्यात भलताच किडा वळवळायला लागला. अट मेली असेल, पण जन्मली कशी? कुठल्या मालकाला असं सुचेल, की बंदीची यादी नोकरानं स्वतः, स्वतःच्या अक्षरात लिहावी? मालक यादी स्वतः करतो आणि भरभक्कम करतो. हे वाक्य मालकाच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. मग कुणाच्या?

कोर्टात वरच्या मजल्यावर वकील बायकांची खोली आहे. एक लांब टेबल, काळे कोट टांगायच्या खुंट्या, एक आरसा आणि त्याच्यासमोर कायम दोघी. मी दारातच विचारलं, “चौदावं कलम, परिशिष्ट तीन, स्वतःच्या अक्षरात. कुणाकुणाकडे आहे?”

सहा जणींनी फायली उघडल्या. पक्षकारांची नावं पट्टीनं झाकून एकेकीनं फक्त ते कलम दाखवलं. शाळेच्या करारात होतं, लिफ्टवाल्यांच्या होतं, दातांच्या दवाखान्यात होतं. शब्दाला शब्द तेच. परिशिष्ट तीन एकातही नव्हतं.

“तू कुठून घेतलंस?”

“लिफ्टवाल्यांच्या जुन्या करारातून.”

“आणि लिफ्टवाल्यांचा कुठून आला?”

“त्यांच्या आधीच्या वकीलबाईंकडून. त्या म्हणाल्या होत्या, नमुना पक्का आहे, हात लावू नकोस.”

फाईलच्या पाठीवर मी करारांची वंशावळ काढली. कोण कुणाची लेक, कोण सून, कोण दत्तक. सगळ्या खांद्यावरून वाकून बघायला लागल्या. आरशासमोरच्या दोघीही आल्या. एक म्हणाली, “आपण रोज हे लोकांना सह्या करायला लावतो आणि कुणी विचारलं नाही, की हे पान आहे कुठं?”

सर्वांत जुना करार सापडला एका छापखान्याचा, एकोणतीस वर्षांपूर्वीचा. त्याचा खटला कधीच संपला होता, त्यामुळे कोर्टाच्या दप्तरातून त्याची नक्कल कुणालाही मिळते. मी ती काढून आणली. तेच कलम, तेच शब्द. आणि प्रत्येक पानाच्या आकड्याखाली दोन बारीक टिंबं.

ती टिंबं मी ओळखते. मीही घालते. मावशीनं शिकवलंय, की पान तपासून झालं की आकड्याखाली दोन टिंबं द्यायची, म्हणजे मागून घुसवलेलं पान लगेच ओळखू येतं.

परत खोलीवर येऊन मी माझ्याच जुन्या फायली काढल्या. पहिल्या वर्षी मी एका पाळणाघरासाठी करार लिहिला होता. कलम चौदा. स्वतःच्या अक्षरात. परिशिष्ट तीन नाही. वाहवा! शेवटून वाचणारी मी, आणि स्वतःच्याच कराराचा शेवट वाचला नव्हता.

बुधवारी संध्याकाळी मावशीकडे गेले. ती पाचव्या मजल्यावर एकटी राहते. गुडघ्यानं निवृत्त केलं असं सांगते. टेबलाशी बसून पेन्सिलींना टोकं काढत होती. मी छापखान्याचं पान तिच्यापुढं ठेवलं आणि चौदाव्या कलमावर बोट ठेवलं.

तिनं बघितलं. पेन्सिल खाली ठेवली. “कुठं मिळालं?”

“कोर्टात. हे तू लिहिलंस ना? रंगाच्या कारखान्याचा करारही तुझाच का?”

“विचारू नकोस.”

“अगं, पण मावशी—”

“माझ्या पक्षकारांचं मी काय लिहिलं, का लिहिलं, ते माझ्यासोबत जाईल. तुला हे शिकवलंय. परत शिकवायला लावू नकोस.”

“एका बाईचा पोटापाण्याचा धंदा बंद पडतोय शुक्रवारी!”

“आणि मी तोंड उघडलं, तर माझ्यावर विश्वास टाकलेल्या प्रत्येकाचा मी विश्वासघात केला. मग मी कसली वकील?” तिचा आवाज चढला होता. तो सहसा चढत नाही. “चहा घेणार असशील तर कर. नाहीतर जा.”

मी चहा न घेता गेले. जिन्यावरून उतरताना तणतणत होते. लिफ्ट होती, पण राग आला की मी जिना घेते. एक गोष्ट मात्र मनात अडकली होती. मावशी रागावली होती खरी, पण पान बघून पहिल्यांदा घाबरली होती. मावशीला घाबरलेलं मी त्याआधी बघितलेलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी साडेसातला तिचा फोन. “ये. एक कागद आहे. तो पक्षकाराचा नाही, माझा आहे.”

टेबलावर एक पिवळी पडलेली फाईल होती. आत तिचं स्वतःचं नेमणूकपत्र, छत्तीस वर्षांपूर्वीचं. गावातल्या सर्वांत मोठ्या वकिलाच्या ऑफिसात ती लागली होती. त्याला ती ‘थोरले’ म्हणते. तिथं ती एकटी बाई.

“चौदा महिने मी तिथं बिनपत्राची राबले,” मावशी म्हणाली. “मग पत्र मागितलं. थोरले म्हणाले, टाइपरायटर तुझ्यासमोरच आहे, तूच टाइप कर. आणि एक अट सांगितली, की इथून गेलीस तर दोन वर्षं इथलं काम दुसरीकडं करायचं नाही. धंद्याच्या कायद्यात नाव काढू बघत होते मी, आणि हे. मी म्हटलं, ठीक आहे. पण काय सोडायचं ती यादी मी माझ्या अक्षरात लिहीन. सोडायचंच आहे, तर निदान बघून सोडते. ते हसले. त्यांना गंमत वाटली. म्हणाले, लिही.”

“आणि टाइप केलंस, स्वतःच्या अक्षरात.”

“हो. आणि हे परिशिष्ट तीन.”

तिनं शेवटचं पान माझ्याकडे सरकवलं. निळी शाई, तिचं ते उभं, ताठ अक्षर.

‘पुढील कामे मी अन्य कोणत्याही ठिकाणी करणार नाही. एक, बैठकीला आलेल्यांना चहा देणे. दोन, सहकाऱ्यांचे मसुदे स्वच्छ टाइप करून देणे. तीन, मी लिहिलेल्या मसुद्यावर दुसऱ्याचे नाव घालू देणे.’

खाली दोन सह्या. तिची आणि थोरल्यांची.

मी हसत सुटले. “मावशी! त्यांनी वाचलं नाही?”

“बायकांनी लिहिलेलं ते सही करताना वाचायचे नाहीत. चौदा महिने मी हीच तीन कामं केली होती. इथलं काम दुसरीकडं करायचं नाही म्हणाले, मी लिहून दिलं. पाळलंय मी. ढोबळमानानं नव्हे, अक्षरशः पाळलंय.”

पाळलं होतं. तिच्या घरी चहा नेहमी आम्हीच करायचो. मला तो आळस वाटायचा.

“पत्रानंतर दोन वर्षांनी मी तिथून निघून लगेच स्वतःचं ऑफिस उघडलं, तेव्हा थोरल्यांनी नोटीस पाठवली. मी हे पान दाखवलं. हे त्यांचं उत्तर.” अजून एक कागद. दोन ओळी: परिशिष्ट तीन पाहता नोटीस मागे घेत आहे.

मी खुर्चीत ताठ बसले. ही अट मेलेली नव्हती. ती एकदा जिवंत होती, आणि जिनं लिहिली तिला तिनं वाचवलं होतं. “हे तू कोर्टात देशील?”

“देईन. मी त्यात नोकर आहे, वकील नाही. माझं गुपित माझं आहे.” तिनं पेन्सिल उचलली, ठेवली. “पण एकदा दिलं, की कोर्टात वरच्या खोलीत बसणाऱ्या सगळ्या जणींना कळेल.”

“काय कळेल?”

“शुक्रवारी बघू,” ती म्हणाली.

शुक्रवारी मावशी काठी घेऊन आली. कोर्ट गच्च भरलं नव्हतं, पण मागच्या बाकावर वकील बायकांच्या खोलीतल्या सगळ्या येऊन बसल्या होत्या, आपापल्या तारखा सांभाळून. रंगवाली माझ्यामागं, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

टाचणी चांगली बोलली. ती नेहमीच चांगली बोलते. सही मान्य आहे, तारीख आहे, ‘स्वतःच्या अक्षरात’ हे शब्द केवळ सवयीनं आलेले आहेत, या शहरात कुणी ते कधीच पाळलेले नाहीत.

“कधीच?” न्यायाधीशांनी विचारलं.

“माझ्या माहितीत कधीच नाही.”

मग मी मावशीचे कागद दिले. टाचणी उठली. छत्तीस वर्षांपूर्वीच्या भलत्याच नोकरीचा इथं काय संबंध? न्यायाधीश म्हणाले, संबंध बघू, आधी वाचू तर द्या. त्यांनी नेमणूकपत्र वाचलं. परिशिष्ट तीन वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. त्यांच्या टेबलावर चहाचा कप होता, तो त्यांनी हळूच बाजूला सरकवला. मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्याचं नाटक केलं.

मावशी उभी राहिली.

“बाई, हे शब्द पहिल्यांदा तुम्ही लिहिले?”

“हो. माझ्यापुरते.”

“मग ते रंगाच्या कारखान्याच्या करारात कसे आले?”

“ते सांगायची मला मुभा नाही, साहेब.”

न्यायाधीश तिच्याकडे बघत राहिले. मागच्या बाकावरच्या सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा मला कळलं, ती कशाला घाबरली होती. ती काही बोलली नव्हती, आणि सगळ्यांना सगळं समजलं होतं. जिच्या नमुन्याला हात लावू नकोस असं एक दुसरीला सांगत आली होती, त्या नमुन्यातच भोक होतं. आणि ते तिचं होतं.

“त्या शब्दांचा हेतू काय होता, एवढं तरी सांगा.”

“सोडणाऱ्यानं बघून सोडावं,” मावशी म्हणाली. “नाहीतर सोडायला लावू नये.”

अर्ध्या तासात निकाल आला. करार कंपनीनं लिहिलाय, अट कंपनीनं घातलीय, ती दुसऱ्या ठिकाणी पाळली गेल्याचा कागद समोर आहे. कर्मचाऱ्याच्या अक्षरातली यादी नाही, म्हणून बंदीही नाही. अर्ज फेटाळला. टाइप केलेलं पान कुठून आलं, यावर त्यांनी कंपनीकडून वेगळा खुलासा मागितला. टाचणीनं ती ओळ लिहून घेतली आणि आपल्या पक्षकाराकडे असं बघितलं, की मला त्या माणसाची कीव आली. बाहेर येऊन ती मला म्हणाली, “मला विचारायला हवं होतं, ते पान छापलं कधी. मी विचारलं नाही.” डबा तिनं त्या दिवशी उघडला नाही.

रंगवाली रडली नाही. तिनं मावशीचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग म्हणाली, “तुमची शाई अजून निळी आहे. छत्तीस वर्षांत ती फिकी पडायला हवी होती. चांगली शाई होती.” मावशीला ते फार आवडलं.

ती गेल्यावर आम्ही दोघी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलो, गुडघ्यासाठी.

“एक विचारू?” मी म्हटलं.

“विचारल्याशिवाय तू राहणार आहेस का?”

“पक्षकाराचं नाव नको. फक्त तुझं सांग. ते वाक्य तू मुद्दाम ठेवलंस? सगळ्या कामगारांसाठी एक फट म्हणून?” मला तसं हवं होतं. दोन दिवस मी तेच गृहीत धरून तिच्याबद्दल मनात मोठमोठी भाषणं केली होती.

“नाही गं.” ती सरळ म्हणाली. “पक्षकाराच्या घरात मुद्दाम फट ठेवायची? तसं केलं असतं तर मी चोर ठरले असते. चूक होती ती. पहिलं काम घाईचं आलं. माझ्याकडे नमुना एकच होता, माझं पत्र. नावं बदलली, पगार बदलला, परिशिष्ट काढलं. ते चार शब्द राहून गेले. तीन वर्षांनी दिसलं. तोवर कितीतरी करार गेले होते, आणि नव्यात बदललं की जुन्यांतली चूक उघडी पडली असती.”

“मग सांगायचंस.”

“कुणाला? या कामात तेव्हा मी एकटी होते. एक चूक बाहेर आली असती, तर ती चूक माझी राहिली नसती. म्हणाले असते, बघा, बायकांना जमत नाही. तुम्हा सगळ्यांच्या आधी दार बंद झालं असतं. अशी मी मनाची समजूत घातली.” ती काठीच्या मुठीकडे बघत होती. “अर्धी खरी होती ती समजूत. अर्धी मी भित्री होते.”

राग यायला हवा होता, आला नाही. तिच्या त्या भीतीच्या आडोशानंच मी वकील झाले होते, आणि त्याच आडोशात पाळणाघरातल्या बायकांनी माझ्या करारावर सह्या केल्या होत्या. मी म्हटलं, “माझ्या पाळणाघराच्या करारातही आहे ते.”

“माहितीय,” मावशी म्हणाली. “टिंबं मीच दिली होती. आता चल, सगळ्यांना पत्रं लिहायचीत. माझ्या पक्षकारांना मी, तुझ्यांना तू.”

वरच्या खोलीतून बायका खाली येत होत्या. मला वाटलं, आता तोंड चुकवून जातील. पहिली आली ती मावशीशेजारी पायरीवर बसली आणि तिनं लिफ्टवाल्यांची फाईल उघडली. “बाई, हे दुरुस्त कसं करायचं? सांगा.” मग दुसरी बसली. मावशीनं फाईल मांडीवर ओढली. मग तिनं पेन्सिल मागितली.

शनिवारी सकाळी रंगवाली नव्या कारखान्याचा करार घेऊन माझ्याकडे आली. सही करायच्या आधी तुम्हाला दाखवायचा असं ठरवलंय म्हणाली. मी शेवटून उघडला. कलम चौदा. परिशिष्ट तीन. स्वतःच्या अक्षरात. तेही त्यांनी कुठून तरी उतरवलं होतं.

“परिशिष्ट तीन कुठंय?” मी विचारलं, तोंडावरचं हसू दाबत.

“दिलंय ना.” तिनं पिशवीतून काढलं. “म्हणाले, नुसती खाली सही करा, बाकीचं आम्ही भरतो.”

कोरं पान होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

मी तिला माझं पेन दिलं. तिनं त्याची शाई आधी नखावर लावून बघितली. खाली झेरॉक्सचं यंत्र चालू झालं, बंद झालं. “काहीही लिहिता येतं?” तिनं विचारलं.

“जे तुम्ही सोडणार, ते. बघून.”

तिनं लिहिलं. अक्षर गोल आणि मोठं, शाळेतल्यासारखं. ‘पुढील काम मी अन्य कोणत्याही ठिकाणी करणार नाही. एक, कोऱ्या कागदावर सही करणे.’

मग तिनं वर बघितलं. खाली जवळजवळ सगळं पान उरलं होतं. मी तिला पट्टी सरकवली. तिनं उरलेल्या कोऱ्या जागेवर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढली, नीट बघितली, आणि मग सही केली.